मेजर, मायनर आणि उन्हाळ्यातलं गणित

नव्या शैक्षणिक धोरणाखाली पदवीला प्रवेश घेणारी आमची पहिलीच तुकडी. महाराष्ट्र शासनाचा निर्णय २० एप्रिल २०२३ रोजी निघाला. स्वायत्त महाविद्यालयांत तो त्याच वर्षीच्या प्रवेशांपासून लागू झाला, संलग्न महाविद्यालयांत पुढच्या वर्षी. त्यामुळे ‘सीनियर मुलांना विचार’ हा एरवी खात्रीचा सल्ला आमच्या कामाचा नव्हता. सीनियर जुन्या पद्धतीतले. पहिल्या वर्षी तीन-चार विषय घ्यायचे, शेवटी एक ठेवायचा आणि पदवीधर व्हायचं, एवढंच त्यांना निवडावं लागलं होतं. आमच्यासमोर मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (शाखेबाहेरचा विषय), व्हीएससी आणि एसईसी (कौशल्यांचे विषय), एईसी (भाषा), व्हीईसी (मूल्यशिक्षण), आयकेएस (भारतीय ज्ञानप्रणाली) असे रकाने आले. शिक्षकांनाही ते नवे होते आणि त्यांनी ते लपवलं नाही, याबद्दल मला आजही त्यांचं कौतुक वाटतं.

मी गणित मेजर घेतलं. आता तिसरं वर्ष संपत आलंय आणि विभागातली पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं मला सतत विचारतात, ‘ताई, मायनर काय घेऊ? स्वयमचा ऑनलाइन कोर्स करू का? सुट्टीत काय करू?’ प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यात सांगत बसण्यापेक्षा माझं काय काय झालं ते एकदा सलग लिहावं म्हणून हे.

आधी हिशोब. आमच्याकडे एका सत्राला २२ क्रेडिट, म्हणजे तीन वर्षांत १३२ आणि चौथं वर्ष केलं तर १७६. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात, पण त्यामागचे तास फारसं कुणी बघत नाही. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास, तेच प्रात्यक्षिक असेल तर ३० तास. म्हणजे दोन क्रेडिटचा तासिकांचा विषय आणि दोन क्रेडिटचं प्रात्यक्षिक गुणपत्रिकेवर सारखंच दिसतं, पण त्यांत वेळ दुपटीने वेगळा जातो आणि त्या वेळात माणूस वेगळं काही करतो. पहिल्याच आठवड्यात आमच्या विभागातल्या मॅडम म्हणाल्या होत्या, ‘विषयाचं नाव बघून निवडू नका, त्यात तुम्हाला स्वतःला काय करायला लावणार आहेत ते बघा.’ मी पुढची प्रत्येक निवड याच एका प्रश्नावर केली.

मायनरच्या वेळी वर्गातली बहुतेक मुलं संगणकशास्त्राकडे गेली. घरचेही तेच म्हणत होते, कारण सगळीकडे डेटा सायन्सचीच चर्चा. मी दोन्ही मायनरचे अभ्यासक्रम महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतले आणि एकेक घटक वाचला. आमच्याकडच्या संगणक मायनरची सुरुवातीची सत्रं बरीचशी ओळखीवजा होती. संख्याशास्त्राच्या मायनरमध्ये पहिल्या सत्रापासून प्रात्यक्षिक होतं. आधी कागदावर हाताने वारंवारता सारणी, मग आलेख, मग तेच ‘आर’ या संगणकाच्या भाषेत. शिवाय संभाव्यता. ती गणितवाल्याला लवकर भेटली पाहिजे, असं मला तेव्हाही वाटत होतं. मी संख्याशास्त्र घेतलं. दुसऱ्या महाविद्यालयात याच्या नेमकं उलट असू शकतं. जिथे प्रोग्रॅमिंगची प्रयोगशाळा खरोखर चालते आणि मुलांकडून आठवड्याला एक तरी प्रोग्रॅम लिहून घेतला जातो, तिथे मी संगणकच घेतलं असतं. म्हणून मायनर कोणतं चांगलं याला सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर माझ्याकडे नाही. अभ्यासक्रमाची पीडीएफ उघडा, प्रात्यक्षिकांची यादी काढा आणि दुसऱ्या वर्षातल्या कुणाची तरी जर्नल मागून बघा. पुढच्या तुकड्यांना आता ते शक्य आहे.

ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेबाहेरचंच घ्यावं लागतं. विज्ञानवाल्याने कला किंवा वाणिज्याकडे जायचं. हा नियम मला मनापासून आवडतो. पण वर्गात त्याच्याकडे ‘गुण कशात सहज मिळतील’ याच नजरेने पाहिलं गेलं, याचं वाईट वाटतं. मी तत्त्वज्ञान विभागाचं तर्कशास्त्र घेतलं. विधानं, सत्यता सारण्या, मग ‘सर्व’ आणि ‘काही’ असलेली विधानं, त्यांचा नकार कसा करायचा. ‘प्रत्येक खोलीत एक खिडकी उघडी आहे’ याचा नकार काय? वर्गातल्या निम्म्या जणांनी ‘एकाही खोलीत खिडकी उघडी नाही’ असं सांगितलं. खरं उत्तर ‘एक तरी खोली अशी आहे की जिच्यातल्या सगळ्याच्या सगळ्या खिडक्या बंद आहेत’. सर हे वाक्य इतकं लांबवून, इतक्या ठासून म्हणायचे की ते डोक्यातून गेलंच नाही. पुढे विश्लेषण ही गणिताची शाखा शिकताना या दोन क्रेडिटांनी मला जितका हात दिला, तितका मेजरच्या काही विषयांनीही दिला नाही. ती गोष्ट पुढे येईल.

बाकीच्या रकान्यांबद्दल थोडक्यात. मूल्यशिक्षण, भाषा, एनएसएस वगैरे सहअभ्यासक्रम जे मिळालं ते मन लावून केलं, त्यात निवडीला फार वाव नव्हता. भारतीय ज्ञानप्रणालीत गणिताशी जोडलेला भाग होता तो मात्र चांगला निघाला. चौदाव्या शतकातल्या केरळच्या माधवाची श्रेढी आम्ही तिथे शिकलो. एक वजा एक-तृतीयांश, अधिक एक-पंचमांश, वजा एक-सप्तमांश असं करत गेलं की बेरीज पायच्या चौथ्या हिश्शाकडे जाते. मी ‘आर’मध्ये ती बेरीज करून पाहिली. शंभर पदं घेतली तरी पाय पहिल्या दशांश स्थळापुरताच धड येतो, इतकी ती सावकाश जाते. मग ती वेगाने जावी म्हणून माधवाच्या परंपरेत शेवटी एक दुरुस्तीचं पद जोडतात हे कळलं, आणि ते जोडून पाहिल्यावर आकडे एकदम जवळ आले. मायनर, मेजर आणि ज्ञानप्रणाली असे तीन रकाने त्या दुपारी एकाच स्क्रीनवर आले होते. असं आपणहून जुळवावं लागतं, वेळापत्रक ते जुळवून देत नाही.

दुसऱ्या वर्षी स्वयम. हे केंद्र सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ, २०१७ पासूनचं. त्यावर अभियांत्रिकी आणि विज्ञानाचे बरेचसे अभ्यासक्रम एनपीटेलचे असतात, आयआयटी आणि आयआयएससीच्या प्राध्यापकांचे. मी जुलैच्या फेरीत वास्तव विश्लेषणाचा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम घेतला. चार आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला एक क्रेडिट, आठला दोन, बाराला तीन, असा साधा हिशोब असतो. नाव नोंदवणं, व्हिडिओ पाहणं, गृहपाठ देणं हे सगळं मोफत. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची वेगळी नोंदणी आणि शुल्क. मी भरलं तेव्हा ते हजार रुपये होतं. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते.

गुणांची विभागणी नीट समजून घ्या, कारण त्यात मुलं अडकतात. दर आठवड्याला गृहपाठ असतो. बारा आठवड्यांतल्या सर्वोत्तम आठ गृहपाठांची सरासरी धरतात आणि तिला २५ टक्के महत्त्व. उरलेले ७५ टक्के परीक्षेचे. पास व्हायला दोन्हीकडे वेगवेगळी मर्यादा असते. गृहपाठात २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० हवेतच. परीक्षेत उत्तम गुण मिळाले पण सुरुवातीचे गृहपाठ दिलेच नाहीत, म्हणून प्रमाणपत्र हातचं गेलेली दोन मुलं मी पाहिली आहेत.

व्हिडिओ पाहण्याबद्दल मला तळमळीने सांगायचंय. दीडपट वेगाने व्याख्यान ऐकून गणित येत नाही. सिद्धता सुरू होण्याआधी मी व्हिडिओ थांबवायचे, विधान वहीत लिहायचे आणि आपल्याला किती जमतंय ते पाहायचे. कधी अर्धा तास नुसतं पान कोरं राहायचं. पण मग प्राध्यापक पहिली ओळ लिहायचे तेव्हा ती ओळ का लिहिली हे कळायचं, कारण तीच जागा शोधत मी अर्धा तास घालवलेला असायचा. अर्ध्या तासाचं व्याख्यान असं दोन-अडीच तास चालतं. त्यामुळे एका सत्रात असा एकच अभ्यासक्रम घ्यावा. प्रमाणपत्रांची रास लावण्याने काहीही साधत नाही, हे मी अगदी ठामपणे सांगते.

क्रेडिट मिळवण्याची बाजू वेगळी आणि जरा कष्टाची. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या नियमांनुसार एखाद्या सत्रातल्या विषयांपैकी ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट स्वयमवरून घेता येतात. क्रेडिट जमा होतात शैक्षणिक क्रेडिट बँकेत. तिचं खातं डिजिलॉकरवरून काढायचं, बारा अंकी क्रमांक मिळतो आणि क्रेडिट सहसा सात वर्षं टिकतात. कागदावर हे सरळ आहे. पण मिळालेली तीन क्रेडिट नेमकी कोणत्या विषयाऐवजी धरायची हे महाविद्यालयानेच ठरवायचं असतं, आणि नवीन पद्धतीत ते कुणी ठरवायचं हेच आधी ठरलेलं नव्हतं. परीक्षा विभाग विभागप्रमुखांकडे पाठवायचा, तिथून स्वयमच्या समन्वयकांकडे. शेवटी विभागप्रमुखांच्या लेखी शिफारशीवर काम झालं, पण तोवर पुढचं सत्र निम्मं सरलं होतं. पहिल्या वर्षातल्या सगळ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की नोंदणी करण्याआधी अर्ज द्या. ‘अमुक अभ्यासक्रम तमुक विषयाऐवजी ग्राह्य धरला जाईल’ असं सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या आणि त्याची प्रत जपून ठेवा. एकदा एका विद्यार्थ्याचं असं झालं की पुढच्यांची वाट आपोआप मोकळी होते. आमच्या विभागात आता ती झाली आहे.

त्याच हिवाळ्यात मी माधव गणित स्पर्धा दिली. पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचा गणित विभाग आणि होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मिळून ती घेतात, पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी, सहसा जानेवारीत. आपल्या सत्र परीक्षेतली गणितं आणि ही गणितं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सत्र परीक्षेत कोणतं प्रमेय वापरायचं हे प्रश्नातच दिसतं, इथे ते दिसत नाही. मला गुण बेताचेच मिळाले, पण जुने पेपर सोडवताना विभागातल्या चौघांचा एक गट जमला आणि तो पुढे टिकला. हा गट नसता तर पुढचा अर्जही मी केला नसता.

तो अर्ज होता एमटीटीएसचा. मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च. प्रा. एस. कुमारेसन यांनी १९९३ मध्ये सुरू केलेलं, चार आठवड्यांचं उन्हाळी शिबिर. राष्ट्रीय उच्च गणित मंडळाने त्याला वर्षानुवर्षं पाठबळ दिलंय. देशात वेगवेगळ्या केंद्रांवर ते भरतं. त्यात तीन पातळ्या असतात. लेव्हल ओ पदवीच्या दुसऱ्या वर्षासाठी, लेव्हल वन शेवटच्या वर्षासाठी आणि लेव्हल टू एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षासाठी. अर्ज हिवाळ्यात मागवतात, त्यासोबत शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं आणि राहण्या-जेवणाची सोय शिबिरातच असते. मला हे सांगितलं आमच्याच मॅडमनी. सूचनाफलकावर त्याचा कागद नव्हता.

शिबिरात पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. ‘अभिसारी क्रमिका म्हणजे काय?’ एवढंच विचारलं. क्रमिका म्हणजे संख्यांची न संपणारी रांग, आणि अभिसारी क्रमिका ज्या संख्येकडे जाते ती तिची सीमा. सगळ्यांना व्याख्या येत होती. एकाने उभं राहून धडाधड म्हणून दाखवली. कितीही लहान अंतर सांगा, एक ठिकाण असं मिळतं की तिथून पुढची सगळी पदं सीमेच्या तेवढ्या अंतरात असतात. सर म्हणाले, ‘छान. आता यातला क्रम बदला. आधी ठिकाण, मग अंतर. एक ठिकाण असं आहे की तिथून पुढे, कितीही लहान अंतर सांगा, सगळी पदं सीमेच्या तेवढ्या अंतरात असतात. अशा क्रमिका कोणत्या?’ आणि ते खुर्चीवर बसून राहिले.

खोलीत वेगवेगळ्या राज्यांतली मुलं होती आणि बराच वेळ कुणी बोललं नाही. तर्कशास्त्राच्या तासांमुळे ‘प्रत्येक’ आणि ‘एक तरी’ यांची अदलाबदल केली की विधान पार बदलतं हे मला ठाऊक होतं, पण इथे ते बदलून काय होतं ते दिसेना. मग मी उदाहरणं घेऊ लागले. एक, एक-द्वितीयांश, एक-तृतीयांश ही क्रमिका शून्याकडे जाते. नव्या व्याख्येत बसते का? एखादं ठिकाण धरा, समजा शंभरावं. शंभरावं पद एक-शतांश, आणि मी अंतर सांगितलं एक-द्विशतांश, की मोडलं. कोणतंही ठिकाण धरलं तरी मोडतं. म्हणजे ही नेहमीची, सगळ्यांच्या ओळखीची क्रमिका बाद. मग उरतं काय? एका मुलीने मागच्या बाकावरून सांगितलं, ‘पद आणि सीमा यांतलं अंतर प्रत्येक धन संख्येपेक्षा लहान असेल, तर ते शून्यच असणार.’ म्हणजे त्या ठिकाणापासून पुढची सगळी पदं सीमेइतकीच, एकच संख्या पुन्हा पुन्हा. दोन शब्दांची जागा बदलली आणि अभिसारी क्रमिकांच्या अफाट पसाऱ्यातून फक्त पुढे जाऊन स्थिर होणाऱ्या क्रमिका शिल्लक राहिल्या.

मग सरांनी दुसरा बदल सांगितला. ‘कितीही लहान अंतर’ ऐवजी ‘एखादं तरी अंतर’. या वेळी मला फळ्यावर बोलावलं. मी लिहिलं, एक, उणे एक, एक, उणे एक. शून्यापासून अंतर दोन घेतलं की सगळी पदं आत. म्हणजे ही चालते. आणखी काय चालतं? हळूहळू, तिथेच खडू हातात असताना, माझ्या लक्षात आलं की परिबद्ध, म्हणजे ठरावीक मर्यादेत राहणारी, कोणतीही क्रमिका चालेल आणि परिबद्ध नसलेली एकही चालणार नाही. ‘सुरुवातीची पदं बाहेर असली तर?’ सरांनी विचारलं. सुरुवातीची पदं मोजकीच, त्यांच्यातलं सगळ्यात दूरचं पद धरून अंतर वाढवता येतं. हे उत्तर देताना मला माझाच आवाज वेगळा वाटला. तीन सत्रं मी परिबद्ध आणि अभिसारी या दोन व्याख्या शेजारी-शेजारी पाठ केल्या होत्या. त्या एकाच वाक्यातल्या एका शब्दाने वेगळ्या होतात, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

तिसरा बदल आम्हाला रात्रीसाठी दिला. कितीही लहान अंतर सांगा आणि कितीही पुढचं ठिकाण सांगा, त्यापुढे एक तरी पद त्या अंतरात सापडतं. वसतिगृहाच्या व्हरांड्यात आम्ही सहाजणी बसलो. एक, उणे एक या क्रमिकेत एक आणि उणे एक दोन्ही संख्या या अटीत बसतात हे लगेच निघालं. म्हणजे अशा संख्या एकाहून जास्त असू शकतात. मग स्पर्धाच लागली, कुणाची क्रमिका जास्त संख्यांना लागू पडते. तीन, दहा, सगळ्या धन पूर्णांक संख्या. मध्यरात्री केरळच्या एका मुलीने सांगितलं की सगळ्या परिमेय संख्या एका ओळीत मांडता येतात, तीच क्रमिका घ्या. मग कोणतीही वास्तव संख्या घेतली तरी तिच्याजवळ, कितीही पुढे गेलं तरी परिमेय संख्या सापडतच राहणार. प्रत्येक वास्तव संख्या! आम्ही ते तीन-तीनदा तपासलं. झोप कुणालाच आली नाही.

असे चार आठवडे. बीजगणितातही हाच प्रकार. प्रमेय सांगितलं की त्यातली एक अट काढा आणि मोडून दाखवा, मोडत नसेल तर ती अट कशाला हवी होती ते सांगा. उत्तर चुकलं तर कुणी हसायचं नाही, आणि बरोबर आलं तरी ‘का?’ चुकायचा नाही. मराठी माध्यमातून आलेल्या माझ्यासारख्या मुलीला पहिले तीन-चार दिवस इंग्रजीत बोलताना अडखळायला झालं. एकदा एका सरांनी ‘हिंदीत सांग, नाहीतर चित्र काढ’ म्हटलं आणि तो अडसरही गेला. तुम्ही गणितवाले असाल आणि एकाच ठिकाणी अर्ज करणार असाल, तर इथे करा. परत आल्यावर मी तेच क्रमिक पुस्तक उघडलं आणि ते वाचण्याची माझी पद्धतच बदलून गेली होती.

बाकीच्या विषयांचं माझ्या मित्र-मैत्रिणींकडून कळलेलं सांगते. भौतिकशास्त्रातला माझा मित्र होमी भाभा केंद्राच्या एनआययूएस शिबिराला जाऊन आला. हा उपक्रम पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या विद्यार्थ्यांसाठी आहे, त्यामुळे तिसऱ्या वर्षी जाग आली तर उपयोग नाही. खगोलशास्त्राची ओढ असणाऱ्यांसाठी पुण्यात आयुका आणि एनसीआरए या संशोधन संस्था आहेत. दोघांचे सुट्टीतले उपक्रम असतात, आणि नारायणगावजवळच्या खोडद इथली जीएमआरटी, ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची रेडिओ दुर्बीण, एनसीआरएच चालवते. वनस्पतिशास्त्रातली मैत्रीण तीन विज्ञान अकादमींच्या संयुक्त उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीवर दोन महिने एका प्रयोगशाळेत राहिली. त्या अर्जात आपल्याला काय आणि का करायचंय यावर छोटं टिपण लिहावं लागतं. ती सांगते, त्या टिपणात ‘मला संशोधनाची आवड आहे’ हे वाक्य तिने काढून टाकलं आणि आपल्या गावच्या ओढ्याकाठच्या नेच्यांवर काय पाहिलं ते लिहिलं. यांतले बरेचसे अर्ज साधारण सप्टेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान येतात. उन्हाळ्याच्या सुट्टीचा विचार दिवाळीच्या सुट्टीत झालेला असला पाहिजे.

वर्गातला एकजण बी.एस्सी.बरोबर आयआयटी मद्रासची ऑनलाइन बी.एस. पदवी करतो. एप्रिल २०२२ पासून युजीसीने एकाच वेळी दोन पदव्यांना मान्यता दिली आहे, एक प्रत्यक्ष आणि दुसरी ऑनलाइन किंवा दूरस्थ असली तर वेळापत्रकं आड येत नाहीत. या पदवीला प्रवेश सुरुवातीच्या चार आठवड्यांच्या पात्रता अभ्यासक्रमातून मिळतो, परीक्षा केंद्रावर जाऊन द्याव्या लागतात. तो आनंदात आहे, पण त्याचा रविवार गेला. मी त्या वाटेला गेले नाही, कारण मला एकाच विषयात खोल जायचं होतं.

शिफारसपत्राबद्दल बोलायलाच हवं. जवळजवळ प्रत्येक संधीला ते लागतं आणि तिथेच लहान गावांतली, लाजरी मुलं मागे पडतात. ज्या शिक्षकाला तुमचं नाव हजेरीपटापलीकडे माहीत नाही, तो ‘अभ्यासू व आज्ञाधारक’ याहून काय लिहिणार? पहिल्या वर्षापासून एका तरी शिक्षकाला तुमची वही दिसली पाहिजे. मी दर आठवड्याला न सुटलेलं एक गणित घेऊन मॅडमकडे जायचे, सोबत कुठवर पोचले तेही लिहून. त्यांनी पत्रात त्यातल्याच एका गणिताबद्दल लिहिलं होतं, हे मला नंतर कळलं. पत्र मागताना किमान पंधरा दिवस हातात ठेवा, आपले गुण आणि टिपण सोबत द्या. शिक्षकांवर परीक्षेच्या कामांचा किती भार असतो ते आपण पाहतोच.

आणि आता चौथं वर्ष. तीन वर्षांनी पदवी घेऊन दोन वर्षांची एम.एस्सी. करायची, की इथेच चौथं वर्ष करून ऑनर्स घ्यायचं आणि मग एक वर्षाची एम.एस्सी.? वर्षं दोन्हीकडे पाचच. संशोधनासह ऑनर्ससाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, तेवढे मला आहेत. मी इथेही तोच प्रश्न विचारला. चौथ्या वर्षी प्रकल्प कोणाबरोबर करणार? आमचा विभाग लहान, दोन शिक्षकांनी पीएच.डी. केलेली, दोघांचं काम उपयोजित गणितात. मला विश्लेषणात जायचंय. मॅडमनीच सांगितलं, ‘तुला हव्या त्या विषयातलं मार्गदर्शन इथे मिळणार नाही, बाहेर प्रयत्न कर.’ आपल्या विभागातली चांगली विद्यार्थिनी आपणहून बाहेर पाठवणं सोपं नसतं.

मग जॅमची तयारी. ही आयआयटी आणि इतर संस्थांच्या एम.एस्सी.साठीची परीक्षा फेब्रुवारीत असते, तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. एकच पर्याय बरोबर असलेले तीस प्रश्न, एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतील असे दहा, आणि उत्तर आकड्यात लिहायचे वीस. मधल्या दहांत उणे गुण नसतात, पण एक पर्याय सुटला तरी अख्खा प्रश्न जातो. तिथे शिबिरातली ‘ही अट काढली तर?’ ही सवय थेट कामी आली, कारण प्रत्येक पर्याय म्हणजे एक अट काढलेलं प्रमेयच असतं. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आणि भारतीय सांख्यिकी संस्था यांच्या प्रवेश परीक्षा वेगळ्या असतात, त्यांत सिद्धता लिहाव्या लागतात. तेही अर्ज भरले आहेत.

जॅमचा निकाल मार्चमध्ये लागला आणि क्रमांक बरा आला. जागावाटपात माझं नाव निघेल अशी आशा आहे. चौथ्या वर्षाचा फॉर्मही विभागात देऊन ठेवला आहे, कारण जागा हाती येईपर्यंत दार बंद करू नये असं मॅडमचं म्हणणं. लेव्हल वनसाठीही अर्ज केला होता आणि निवड झाली आहे. यंदाच्या उन्हाळ्यात पुन्हा चार आठवडे जाणार. आमच्या चौघांच्या गटातली दुसऱ्या वर्षाची धाकटी मुलगी या वेळी लेव्हल ओला येतेय. तिचं शिफारसपत्र मॅडमनी दिवाळीआधीच लिहून ठेवलं होतं.